डम्पिंगवरचं दार

भाड्याचं घर पाहायला गेलो आणि पहिल्याच मिनिटात घरमालकाच्या तीर्थात पाय धुतले.

फाटकाच्या आत बदामाच्या झाडाखाली एक दगडी डोणी होती, जनावरांना पाणी पाजायची असते तशी. काठोकाठ भरलेली, वर करवंटीचा डाव आडवा ठेवलेला. एप्रिल महिना. वणीहून कोळशाच्या ट्रकांमागे ऑटोत बसून आलेलो, त्यामुळे माझे पाय घोट्यापर्यंत काळे. मनात म्हटलं, काय भला माणूस आहे, पाहुण्याच्या पायांचा विचार करतो. चपला काढल्या आणि सरळ डोणीतच पाय सोडले. डावा धुतला, उजवा धुतला, पाणी छान गार लागलं म्हणून पुन्हा डावा धुतला.

ओट्यावर एक बुटका, रुंद माणूस खुर्चीत बसून हे पाहत होता. माझं सगळं आटोपेपर्यंत तो थांबला. मग म्हणाला, "झालं सर? आता त्यातलंच पाणी तोंडात घ्या. तशी पद्धत आहे."

मी तोंडातल्या तोंडात माफी मागू लागलो, तर त्यानं हात हलवला. "राहू द्या. तुमी पाय तरी धुतले. याच्या आधी जो घर पाहाले आला, थो खर्रा थुकून गेला." आणि त्याच दमात, एक खोली तेवढी स्वतःला ठेवून, घर देऊन टाकलं.

सगळी वस्ती त्याला कप्तान म्हणायची. राजूरच्या अलीकडे, रस्ता सोडून आत, खाणीमुळे वसलेली ही वस्ती. तिथून समुद्र कुठल्याही बाजूला निघालं तरी पाच-सहाशे किलोमीटर. तिथं एक कप्तान असावा याचं मलाच तेवढं आश्चर्य, कारण मी भूगोलाचा मास्तर. वीस वर्षं पोरांना बंदरं पाठ करायला लावली. स्वतः समुद्र पाहिला तो लग्नानंतर एकदा, तोही भरती संपल्यावर, दूरवर चिखलापलीकडे. कप्तान तरी कुठला कप्तान! बोटीच्या इंजिनखोलीत तेल घालायचं काम. खाणीच्या पंपावर हेल्पर होता, तिथून मुंबईला पळाला, मुंबईतून बोटीवर. पंचवीस वर्षं बोटीच्या पोटात काढली. "समुद्र मीबी कमीच पाह्यला सर," तो म्हणायचा. "खाली काय दिसते? इथं खाणीत होतो तसाच तिथं. फरक एवढाच का तिथं छत पडत नाही, बुड फाटते."

झोपायचा चार तास, जागायचा चार तास. दिवस असो की रात्र, बोटीवरची पाळी त्याच्या अंगातून गेली नव्हती. नळवाल्याला सांगायचा, "पाइप पोर्टकडून घे," म्हणजे डावीकडून, आणि नळवाला इमानेइतबारे उजवीकडे खणायचा. घरातल्या सगळ्या फळ्यांना त्यानं पुढून लाकडी पट्टी ठोकली होती, भांडी घसरू नयेत म्हणून. माझी बायको दिग्रसची, तिच्या तोंडाला कुलूप नाही. पहिल्याच दिवशी म्हणाली, "भाऊजी, इथं जमिनीवर भांडे कायले घसरतीन?"

"थांबा," कप्तान म्हणाला. "दोन वाजू द्या."

दोन वाजता पलीकडच्या खुल्या खाणीत सुरुंग उडाले. घर खालपासून हललं, आणि आमच्या ताटल्या पट्टीला टेकून थरथरत उभ्या राहिल्या. शेजारच्या घरातून पातेल्यांचा खणखणाट ऐकू आला. त्या दिवसापासून बायको त्याच्या बाजूची झाली, ती कायमची.

डोणीचं प्रकरण तिनं माझ्याआधी शिकून घेतलं. डाव उजव्या हातात घेऊन डावा हात धुवायचा, मग उलट, मग ओंजळीत पाणी घेऊन चूळ, शेवटी डाव उभा करून त्याचा दांडाही धुवायचा. एवढं करून कप्तान रोज सकाळी डम्पिंगवर जायचा. डम्पिंग म्हणजे खाणीतून निघालेल्या माती-मुरमाचा ढिगारा. आता त्यावर बाभळी उगवल्यात, लांबून टेकडीच वाटते. वर जाऊन दोनदा कमरेत वाकायचा, दोन टाळ्या वाजवायचा, पुन्हा एकदा वाकायचा आणि खाली यायचा. समोर मूर्ती नाही, फोटो नाही. समोर चुन्याच्या भट्ट्यांचा धूर आणि रेल्वेच्या साइडिंगवर उभ्या कोळशाच्या वाघिणी.

"कोणाला नमस्कार करता?" मी विचारलं.

"नमस्कार नाही सर, हजेरी. तुमच्या शाळेत पोट्टे 'हजर' म्हणतात ना, तसं. हजेरी लावाची, अर्ज नाही द्याचा. जो अर्ज घेऊन जाते, थो वाकडं तोंड करून वापस येते."

जपानातल्या योकोहामा बंदराच्या टेकडीवर एक देऊळ आहे, तिथं तो हे शिकला होता. देवळाला पुढं दोन खांब आणि वर दोन आडवे वासे, एवढंच दार. त्याला कवाड नाही, भिंत नाही. ते दार त्याच्या डोक्यात चाळीस वर्षं उभं होतं. आम्ही राहायला गेलो त्याच्या दुसऱ्या वर्षी ते त्यानं डम्पिंगवर उभं केलं.

लाकूड कुठलं, तर जमिनीखालच्या खाणीत छताला देतात त्या टेकूंचं. ती खाण बंद पडली, टेकू भंगारात निघाले, त्यानं चार निवडून आणले. वस्तीतल्या प्रत्येकाच्या बापाच्या डोक्यावरचं छत कधी ना कधी या लाकडांनी पेललं होतं. ते उभं राहिलं तेव्हा सुरेख दिसलं, हे मी शपथेवर सांगतो. मग कप्ताननं त्याला रंग दिला. तिकडं असतो तसाच, शेंदरी.

आता आमच्याकडे रंग नुसता रंग नसतो, हे पहिलीतल्या पोराला कळतं. योकोहामा पाहून आलेल्या माणसाला कळलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दाराला कोणीतरी भगवं फडकं बांधून गेलं. ते पाहून चौथ्या दिवशी कोणीतरी निळं बांधलं. पाचव्या दिवशी कप्ताननं दोन्ही सोडून, धुऊन, घडी करून ज्याच्या त्याच्या घरी नेऊन दिली. एवढ्या सभ्यपणानं त्यानं दोन्हीकडचे लोक एकदम नाराज केले. भगव्यावाले दोन दिवसांत विसरले. खरा राग आला तो त्याच्या स्वतःच्या माणसांना.

कप्तानचं घराणं मूळ मुकुटबनाकडचं. बापानं छप्पनला नागपुरात दीक्षा घेतलेली, थोरल्या पोराला खांद्यावर बसवून नेलेलं. तो थोरला म्हणजे कप्तानचा भाऊ. वस्ती त्याला सरदार म्हणायची, कारण खाणीत त्याची तीच नोकरी होती: पाळीच्या आधी आत जायचं, काठीनं छत ठोकून आवाज ऐकायचा, आणि आवाज भरीव आला तरच मजुरांना आत सोडायचं. अशी छत्तीस वर्षं. उंच, वाळलेला, पांढऱ्या सदऱ्याचा माणूस. विहाराच्या कमिटीत त्याचा शब्द शेवटचा. त्याचं घर कप्तानच्या घरापासून अकरावं, आणि दोघा भावांचं बोलणं चाळीस वर्षं बंद.

ते का बंद, हे मला कप्ताननंच सांगितलं. दार उभं राहिल्यावर एका दुपारी मला तो वर घेऊन गेला. सुरुंग होऊन गेले होते, धूळ अजून बसायची होती. दाराच्या सावलीत बसलो.

"तवा आमची बोट इंजिनाच्या कामाले योकोहामाले पडली होती," तो म्हणाला. "एक दिवस तार आली. बाप गेला म्हून. तार आमच्या मागं मागं फिरली, या बंदराहून त्या बंदरावर. माह्या हातात आली तवा बेचाळीस दिवस झाले होते. बेचाळीस! इकडे राख बी थंडी होऊन गेली असन. कोणाले सांगू? वर चाललो, नुसता चाललो. टेकडीवर हे दार दिसलं. अंदर देवीचं देऊळ. मी भाईरच उभा राह्यलो."

"का?"

"काहून म्हंजे? माह्या बापानं शपथ घेतली होती ना सर, देवाच्या दारात जाणार नाही म्हून. मुकुटबनात त्याले देवळाच्या पायरीवरून ढकललं होतं, बारा वर्साचा असताना. थो जिता असता तं मी गेलोबी असतो कदाचित, तमाशा पाहाले. पण थोच मेला. आता त्याची शपथ कशी मोडाव?"

तिथं एक म्हातारी पानं झाडत होती. तासभर तिनं याला पाहिलं. शेवटी बंदरावरच्या एका सिंधी दुकानदाराला, जो तिथं सहज आला होता, हाताला धरून याच्यापुढं आणला. म्हातारी बोलली, सिंध्यानं हिंदीत सांगितलं. इथं आधी कोळ्यांचं खेडं होतं. मग बंदर खुलं झालं, जहाजं आली, दहा मुलखांतले लोक आले. कोणी कोणाला ओळखत नव्हतं. म्हणून सगळ्यांसाठी या टेकडीवर हे दार केलं.

"मंग म्हातारी म्हणे, तूबी जहाजावरूनच आला ना? तं तुह्यासाठीच आहे." कप्तान खाली वाघिणींकडे पाहत होता. "गेलो अंदर. हात धुतले. मले कोणी विचारलं नाही तू कोण, कोणाचा. टाळी वाजवली अन् बापाचं नाव घेतलं. देवीचं नाही घेतलं. देवीनं काही म्हटलं नाही."

"भावाला सांगितलंत हे?"

"घरी आलो तं त्यानं दारात उभं राहून विचारलं, कुठं होता? मी म्हटलं, जपानात. त्यानं दार लावून घेतलं. त्याचं बी बरोबरच आहे. एकट्यानं सगळं केलं त्यानं." मग म्हणाला, "ही वस्ती बी बंदरच आहे सर. तेलंगणातून आले, छत्तीसगडातून, बिहारातून आले, आपण मुकुटबनाहून आलो. आता खाणी बंद पडून राह्यल्या, लोक चालले. सगळ्याले लागून एक जागा नाही इथं. भावानं एकदा इथं चढाव, एवढंच आहे. बोलू नको म्हणा. नुसतं चढाव."

अर्ज द्यायचा नाही म्हणणाऱ्या माणसाचा हा एकच अर्ज होता, आणि तो त्यानं माझ्यासारख्याकडे दिला.

विहारात बैठक ठरली, रविवारी सकाळी. विषय: डम्पिंगवरचं दार. आदल्या संध्याकाळी कप्तान आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. "सर, उद्या तुमी या. माह्यं कोणी आयकणार नाही. तुमी मास्तर. तुमचं भाऊ आयकन."

"मी काय सांगू?"

"जे मी सांगतलं थे."

यापेक्षा सोपा पेपर कोणी काढला नसेल. पण मी पडलो मास्तर. मी तयारीला बसलो. मोबाइलवर शोधलं, वहीत मुद्दे काढले: बंदर कधी खुलं झालं, खेडं कसं होतं, टेकडी कोणती, देऊळ कोणाचं. बायको दोनदा म्हणाली, "कायले एवढं लिहून राह्यले? त्यानं सांगतलं थे सांगा ना." मी म्हटलं, पुराव्यानिशी बोललेलं बरं असतं.

विहारात पन्नासेक माणसं होती. सरदार पुढं, सतरंजीवर ताठ. कप्तान मागे भिंतीला टेकून. मला खुर्ची दिली, हे एक वाईट झालं. खुर्चीवर बसलो की माझा वर्ग सुरू होतो. वही उघडली, बंदराचे अक्षांश-रेखांश सांगायच्या बेतात होतो, तोच सरदारानं हात वर केला.

"सर, लंबं नका सांगू. एकच सांगा. त्या देवळात देव आहे का नाही?"

प्रश्न सरळ होता. उत्तर वहीत तिसऱ्या ओळीत होतं.

"आहे," मी म्हणालो. "सूर्यदेवी. मूर्ती नाही, आरसा असतो असं मानतात, पण…"

पणच्या पुढचं कोणी ऐकलं नाही. सतरंजीवरून एक हुंकार फिरला. सरदार मान न वळवता म्हणाला, "आयका. बाप आमचा खाटेवर मले विचारत गेला, लहान्या आला काय, लहान्या आला काय. अन् लहान्या तिकडे देवीपुढं टाळ्या वाजवून राह्यला होता."

कप्ताननं माझ्याकडे पाहिलं. सगळ्या सभेत खरं काय ते त्याच्याशिवाय मला एकट्याला माहीत होतं. ती टाळी कोणाच्या नावानं वाजली, हे चार शब्दांत सांगता आलं असतं. मी वहीत पाहिलं. नंतर मी स्वतःला पुष्कळ समजावलं की तो दोघा भावांचा घरचा मामला, परक्यानं कसा उघडा करायचा. खरं कारण एवढंच की पन्नास माणसं पाहत होती आणि माझी तयारी भूगोलाची होती.

दार पाडा असं कोणी म्हटलं नाही. सरदार उठताना एवढंच बोलला, "लाकडं आपल्याच खाणीतले आहेत. त्यायचा अपमान नको." दुसऱ्या दिवशी सकाळी कप्तान एकटाच वर गेला. मी मदतीला निघालो तर म्हणाला, "नको सर, तुमची शाळा." दुपारच्या सुरुंगाच्या आत चारही लाकडं खाली आली. रंग खरवडून त्यानं ती विहाराच्या मागं नीट रचून ठेवली. पुढं विहाराची पडवी वाढवली तेव्हा त्यातली दोन कामी आली म्हणतात.

त्यानं माझ्याशी अबोला धरला असता तर बरं झालं असतं. तो पूर्वीसारखाच बोलायचा. मी एकदा धीर करून म्हटलं, "कप्तान, माझं चुकलं."

"चुकलं कायचं सर? बरोबर सांगतलं तुमी. आहेच ना देवी." मग पान लावत म्हणाला, "तुमाले पूर्ण मार्क भेटतीन."

डम्पिंगवर जाणं त्यानं सोडलं. डोणीत पाणी भरणंही हळूहळू सुटलं. बायको आठवण आली की दोन बादल्या ओतायची, मग तिनंही ते सोडलं. त्या थंडीत एका सकाळी ती त्याला चहा द्यायला गेली. झोपेची पाळी संपून तास झाला होता तरी तो उठला नव्हता. तिनं हाक मारली, मग मला हाक मारली.

सरदारानं सगळं रीतीनं केलं. पांढरे कपडे, त्रिशरण, पंचशील, कुठं काही कमी नाही. रडला नाही. शोकसभेत चार वाक्यं बोलला आणि बसला. त्यानंतर आठवड्यानं तो भावाची खोली आवरायला आला. चाळीस वर्षांत त्या घरात पहिल्यांदा. तासाभरानं आमच्या दारात येऊन उभा राहिला. हातात तळव्याएवढी एक लाकडी पाटी होती, वरून घराच्या छपरासारखी उतरती, भोकात दोरी ओवलेली.

"सर, तुमी मास्तर आहात. हे काय आहे?"

माझ्या त्या वहीत हेही होतं. तिथल्या देवळात अशा पाट्या मिळतात. लोक त्यावर आपलं मागणं लिहितात आणि तिथंच टांगून येतात. ही टांगलेली नव्हती. तिच्यावर बॉलपेननं मराठीत फक्त त्यांच्या बापाचं पूर्ण नाव लिहिलेलं होतं. खाली मागणं काही नव्हतं.

मग मी सांगितलं. तार, बेचाळीस दिवस, दाराबाहेरचा तास, शपथ, म्हातारी, सिंधी दुकानदार, टाळी. या वेळी वही न घेता सांगितलं, काही गाळलं नाही. 'भावानं एकदा इथं चढाव' हेही सांगितलं. सरदार उभ्यानंच ऐकत होता. खुर्ची दिली ती त्याला दिसली नाही.

"बेचाळीस दिवस?" शेवटी तो म्हणाला.

"हो."

"अन् हे त्यानं तुमाले सांगतलं."

"हो."

"तुमी विहारात आले, तवा तुमाले हे मालूम होतं."

मी मान हलवली. त्यानं पाटी सदऱ्याच्या खिशात घालायचा प्रयत्न केला, ती मावली नाही. मग हातातच घेऊन तो निघाला. फाटकातून तो घराकडे वळेल असं मला वाटलं होतं. तो उलट दिशेला, डम्पिंगच्या वाटेला लागला. बाभळींपर्यंत गेला, ढिगाऱ्याच्या पायथ्याशी उभा राहिला. पंचाहत्तरी ओलांडलेले गुडघे. पाच-सात पावलं चढला, थांबला, आणि मुरमावरून हात टेकत टेकत परत खाली उतरला.

मी आत आलो. बायको भिंतीपलीकडून सगळं ऐकत होती. तुरीच्या शेंगा सोलता सोलता थांबलेली. मला कोणीतरी बरं म्हणावं असं फार वाटत होतं. मी म्हटलं, "शेवटी सांगून टाकलं बघ."

"चांगलं केलं," ती म्हणाली आणि शेंगा सोलू लागली. मग वर न पाहता बोलली, "पण चाळीस वर्सं त्या बुढ्याजवळ भावावरचा राग तरी होता. थोबी आज तुमी काढून घेतला."